घोटभर पाणी

आमच्या घरात प्रवासाची व्याख्या ठरलेली आहे. कन्फर्म तिकीट, खालचा बर्थ आणि उतरल्यावर न्यायला आलेलं कोणीतरी ओळखीचं. यातलं एक जरी कमी पडलं तर मी त्याला प्रवास म्हणत नाही, संकट म्हणतो. उभा जन्म विमा कंपनीत गेला. दिवसभर लोकांना आग, पूर, चोरी आणि अपमृत्यू समजावून सांगायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गॅस बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहायचं. गॅलरीतल्या कुंड्यांना मी सकाळी पाणी घालतो आणि संध्याकाळी परत घालतो. न जाणो! दरवर्षी आमची तुळस मुळं कुजून मरते आणि दरवर्षी मी म्हणतो, पाणी कमी पडलं असणार.

असा हा माणूस जानेवारीत वऱ्हाडात गेला, तो चक्क एका बाईला वाचवायला.

वाचवायचं होतं शैलाताईंना. शैलाताई म्हणजे माझ्या बायकोची, सुनंदाची, थोरली बहीण. अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आमचे साडू दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये एकट्या. मी दर रविवारी फोन करून सांगायचो, "ताई, काळ मोठा अनिश्चित आहे. आमच्याकडे या." काळ अनिश्चित आहे हे मी मनापासून म्हणायचो, कारण तेव्हा आमच्या ऑफिसात तीन शाखांची एक शाखा होणार अशी कुजबुज होती आणि मी रोज डबा घेऊन फाशीला जावं तसा कामाला जात होतो. ताई म्हणायच्या, "हो हो, पाहू." दिवाळीनंतर त्यांचे फोन तोकडे झाले. मागे पक्ष्यांचा कलकलाट ऐकू यायचा. मला वाटलं, अकोल्यात पक्षी वाढले असतील.

शेवटी सुनंदा म्हणाली, "चला, जाऊन घेऊनच येऊ." मी येतानाची तीन तिकिटं काढली. तिन्ही कन्फर्म.

अकोला

दाराला कुलूप. आम्ही सकाळच्या उन्हात जिन्यात उभे, हातात विटकरी रंगाची बॅग आणि बाकरवडीचा पुडा. शेजारचं दार उघडलं आणि एक काकू बाहेर आल्या. गहू निवडता निवडता उठल्या असाव्यात, हातात सूप होतं.

"शैलाबाईंकडे आले का? त्या तं इथं राह्यतच नाईत आता."

मी बॅग खाली ठेवली. "म्हणजे? कुठे असतात?"

"शेंदूरजन्याले. बगीच्यात राह्यतात. दिवाळी झाली अन् गेल्या."

"बगीच्यात? कोणत्या बगीच्यात?"

"त्यांच्या मालकाच्या वाट्याचा संत्र्याचा बगीचा नाई का? दीर वाह्यत होता इतके दिवस. आता म्हणे मीच वाह्यते." काकूंनी सूप झटकलं. "स्कूटीवर गेल्या, बाप्पा. पुढं पिशवी, मागं वळकटी. मधात अमरावतीले मुक्काम केला म्हणे."

अकोला ते शेंदूरजनाघाट म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. साठीची बाई, हायवे आणि स्कूटी. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कंपनीचा अपघाताचा क्लेम-फॉर्म तरळला. सुनंदाकडे पाहिलं, तर ती हसू दाबत होती.

"तुला माहीत होतं?"

"स्कूटीचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. म्हणजे बाकीचं माहीत होतं! अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि बायको माझ्यापासून एक अख्खा बगीचा लपवू शकते, हा पहिला धक्का त्या जिन्यात बसला.

पुण्यात शेजारच्या घराला कुलूप असलं तर आम्ही पाहुण्याला निरोप देतो. या काकूंनी जेवण दिलं. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि एक ठेचा, जो मी शिष्टाचार म्हणून दोनदा घेतला. हा शिष्टाचार मला पुढे दोन दिवस पुरला.

अमरावती

अमरावतीच्या स्टँडवर वरूडची बस सुटायला वेळ होता म्हणून सुनंदाने गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडालेला वडा, वर चटणी आणि तिखट. माझं पोट आधीच ठेच्याशी बोलणी करत होतं. मी नुसता पाहत बसलो. पाहण्यासारखी गोष्ट वड्यापेक्षा सुनंदाच होती. पुण्यात "तुम्ही काही घेणार का?" असं विचारणारी माझी बायको वडेवाल्याला म्हणत होती, "काहून भाऊ, दही असं पातळ? दुधाची म्हैस पावसात भिजली का?"

वडेवाला म्हणाला, "ताई इथल्याच दिसता."

"मंग!" ती म्हणाली आणि त्याने दही पुन्हा घातलं. मला त्या ठिकाणी कोणी काही विचारलं नाही. मी पुण्याचा आहे हे माझ्या स्वेटरवर लिहिलेलं असावं.

वरूडकडे जाताना मोर्शीनंतर उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सुरू होतात. काळीशार जमीन, गोल गरगरीत झाडं, काहींवर अजून नारिंगी फळं. मी मनाशी कबूल केलं की जागा सुरेख आहे. निवृत्त बाईने चार दिवस हवापालट करायला हरकत नाही. नंतर पुण्याला न्यायचं.

शेंदूरजनाघाट

शैलाताई फाट्यावर न्यायला आल्या होत्या, त्या स्कूटीवर. अंगात साडूंचा जुना लोकरी कोट, डोक्याला रुमाल, पायात कॅनव्हासचे बूट. रंग चांगला दोन छटा काळवंडलेला. "अविनाशराव, बसा मागे," म्हणाल्या. सुनंदा आणि बॅगा ऑटोतून आल्या. मी ताईंच्या मागे हेल्मेटशिवाय बसलो. माझ्या चरित्रात हे वाक्य कोणी लिहिलं असतं तर मी अब्रुनुकसानीचा दावा केला असता.

बगीच्यात पोचलो.

बाग मरत होती. दुसरा शब्द नाही. वाटेतल्या सगळ्या बागा हिरव्यागार आणि ताईंच्या बागेत झाडांची पानं कोमेजून आत वळलेली, द्रोणासारखी. कित्येक पिवळी पडलेली. खाली वाळक्या पानांचा खच. जमिनीला अशा भेगा, की वाकून पाहताना माझ्या खिशातला कंगवा एका भेगेत पडला तो गेलाच. (सुनंदा म्हणाली, जाऊ द्या, तुम्हाला त्याचा तसा उपयोग नव्हता.)

"ताई, पाणी नाही का?"

"आहे ना. विहीर भरलेली आहे."

"मग मोटर बिघडली?"

"नाही. ती परवाच दुरुस्त केली."

"मग...?"

"मी देत नाही," शैलाताई शांतपणे म्हणाल्या. "तहानेली ठेवली आहेत. मुद्दाम."

मग त्यांनी भूगोलाच्या तासाला समजावून सांगावं तसं सांगितलं. संत्र्याच्या झाडाला लाड केले तर ते नुसती पानं काढत राहतं. त्याला फुलवायचं तर आधी त्याचं पाणी तोडायचं. इथे त्याला ताण देणं म्हणतात. झाड कोमेजतं, पानं गाळतं, त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही. अशा वेळी पाणी सोडलं की ते जीव खाऊन फुलतं. त्याला आंबिया बहार म्हणायचं. पण ताण कमी बसला तर फूल नाही आणि जास्त बसला तर झाड नाही. नेमकं केव्हा थांबायचं हे झाडाकडे पाहून ठरवायचं.

"आणि चुकलं तर?"

"तर चुकलं."

माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या थंडपणे कोणी हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांचे दीर, धनराजभाऊ, आले. यांची बाग शेजारीच. गेली आठ वर्षं दोन्ही बागा तेच वाहत, म्हणजे कसत, होते. तुरीच्या शेंगा उकडून आणल्या होत्या त्यांनी. सगळे बाजेवर बसून शेंगा सोलत होतो. माणूस दिलदार. पण बोलायला फटकळ.

"जवाईबापू, तुमी तरी सांगा वैनीले. आमी मृग बहारवाले. जूनचा पाऊस आला की झाड आपोआप फुटते. तो देवाच्या हातचा. हा आंबिया माणसाच्या हातचा. चुकला तं देवाचं नावही घेता येत नाई."

"तुमच्या देवानं मागच्या साली मे महिन्यातच पाऊस पाडला, धनराजभाऊ," शैलाताई म्हणाल्या. "ताण बसला नाही. माझ्या झाडांवर एक फळ आलं का?"

"मंग माह्या झाडावर तरी आलं का? सगळ्याईचंच गेलं."

"तेच म्हणते मी. वाट पाहूनही जातं, तर मग करून जाऊ द्या."

धनराजभाऊ माझ्याकडे वळले. "शर्त झाली हाये आमची. बहार फुटला तं बगीचा वैनी वाह्यतीन. नाई फुटला तं बगीचा पुन्हा माह्याकडं अन् वैनी तुमच्यासंगं पुण्याले. त्यायनंच कबूल केलं, मी नाई बोललो."

मी शेंग तोंडात धरून थांबलो. म्हणजे बहार फसला तर माझं काम झालं! आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला नाही. मी त्या कोरड्या झाडांकडे पाहत होतो, कुंडीतल्या तुळशीकडे पाहतो तसा.

रिद्धपूरला न गेलेला दिवस

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी रिद्धपूरला गेल्या. ताईंच्या सासरचे लोक महानुभाव पंथाचे. नवं काम हातात घेतलं की तिथे जाऊन डोकं टेकवायचं, अशी घरची रीत. मीही जाणार होतो, पण काकूंचा ठेचा अजून बोलत होता. "पडून राहा," सुनंदा म्हणाली. "कशाला हात लावू नका."

हे वाक्य ती मला पुण्यातही घराबाहेर पडताना म्हणते. त्यामुळे मी ते ऐकलं नाही.

दुपारी ऊन चढलं. मी ताई राहतात त्या खोपीबाहेर बाज टाकून बसलो. समोर ती झाडं. पानं आणखी वळली होती. एक पान माझ्यासमोर गळून पडलं, मग दुसरं. भोवती काही हालत नव्हतं. मला उगीच वाटू लागलं की झाडं माझ्याकडे पाहत आहेत. एवढ्यात खोपीवरचा बल्ब लागला. शेताला लाईन, म्हणजे वीज, आली की तो लागतो, हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. धनराजभाऊंना मोटर सुरू करून गव्हाला पाणी सोडतानाही मी पाहिलं होतं. हिरवं बटण दाबायचं.

माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मी फक्त विमा उतरवत होतो. समजा ताईंचा अंदाज चुकला आणि झाडं मेलीच, तर निदान एक ओळ तरी जिवंत राहील. थोडंसं द्यावं. नुसतं घोटभर. त्याने काय बिघडतं?

हिरवं बटण दाबलं. मोटर घुमली. दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, पाणी आलं, तसं मी फावड्याने कडेच्या ओळीकडे वळवलं. काळ्या जमिनीच्या भेगांनी ते असं गिळलं, की गटगट आवाज येत होता. तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. चिखलात एक चप्पल रुतली, ती उपसायला गेलो तर दुसरी रुतली. दोन्ही पावलं चिखलाने मांडीएवढी जाड झाली. कसाबसा बाजेवर येऊन पाय सुकवत पडलो. म्हटलं, पाचेक मिनिटांत उठून मोटर बंद करू.

मला जाग आली ती स्कूटीच्या आवाजाने.

उन्हं कलली होती. मोटर चालूच होती. कडेची अख्खी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आळ्यांत पाणी घेऊन चमकत होती. शैलाताई बांधावर उभ्या होत्या. हातात रिद्धपूरच्या प्रसादाचा नारळ. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जाऊन मोटर बंद केली, परत आल्या आणि ओल्या मातीत बोट घालून पाहिलं. अर्धं बोट आत गेलं. अजून घातलं. तळहातापर्यंत गेलं.

"काहून?" एवढंच म्हणाल्या.

शाळेतली मराठी संपली आणि घरची सुरू झाली, हे मला त्या एका शब्दात कळलं.

"ताई, मी फक्त थोडं... एका ओळीला... झाडं मरतील असं वाटलं..."

"मी तुमाले सांगतलं होतं ना? पानाची नळी झाली की चार-आठ दिवस अजून थांबाचं होतं मले. आता हे झाडं फुलत नाईत. नुसते पानं काढतीन. अन् ओल पलीकडं सरकली तं त्या ओळीचंही गेलं."

मोटरचा आवाज ऐकून धनराजभाऊ आले होते. त्यांनी चमकती ओळ पाहिली, ताईंचा चेहरा पाहिला, मला पाहिलं आणि जोरात हसले. "वा जवाईबापू! आले पुण्याहून वैनीले न्याले, अन् पाणी सोडून देल्लं. काम फत्ते!"

मला हे सुचलंच नव्हतं! वळून सुनंदाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "मुद्दाम केलंत?"

अठ्ठावीस वर्षांत तिने माझ्यावर आळसाचे, विसराळूपणाचे, घोरण्याचे आरोप केले होते. हा नवीन होता. शेवटी शैलाताईंनीच माझी सुटका केली.

"नाई व सुनंदा," त्या उठत म्हणाल्या. "मुद्दाम कराले हिंमत लागते."

त्या दिवसभरात मला मिळालेला तेवढाच निर्दोषत्वाचा दाखला.

आभाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. जानेवारीत! मी फोन काढून पाहिला, हलक्या सरींची शक्यता. तो मी लपवणार होतो, पण धनराजभाऊंकडेही फोन होता.

"वैनी, आता आयका माह्यं," ते म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "पाऊस आला तं सगळ्याच झाडाईचा अर्धा ताण तुटते. ना हे ना ते. त्यापेक्षा आजच सगळ्याले पाणी सोडा. अर्धा तरी बहार येईन."

मला ते पटलं. अगदी पटलं. अर्धा तरी, हे माझ्या आयुष्याचं ब्रीदवाक्य आहे. मी म्हणालो, "ताई, मलाही वाटतं..."

दोघी बहिणींनी माझ्याकडे एकदम पाहिलं आणि मला काय वाटतं ते तिथेच संपलं.

शैलाताई बागेत गेल्या. ओळीओळीतून फिरत होत्या, एकेका झाडाचं पान चुरगाळून पाहत होत्या. मी मागे मागे, चिखल वाळलेल्या चपलांनी फटक फटक करत. वर ढग, खाली त्या भेगा. एका झाडापाशी त्या थांबल्या, तेव्हा मी विचारलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

मी वर्गात भलत्याच धड्यातलं विचारावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भेव नाई लागत असं वाटलं का तुमाले? हे वारल्यापासून रोज सकाळी उठली की पोटात गोळा येते. फ्लॅटमध्येही येत होता. तिथं तं काईच करत नव्हती मी, तरी येत होता."

"मग?"

"मंग काई नाई. गोळा घेऊनच चहा पेते." त्यांनी पान खिशात टाकलं. "तीस वर्षं पोराईले मोसमी वारे शिकवले. बाणाईनं दाखवत होती फळ्यावर, इकडून येतात, तिकडं जातात. आता ते बाणही खरे राह्यले नाईत. पण म्हणून काय फळाच पुसून टाकाचा?"

परत आल्या आणि धनराजभाऊंना म्हणाल्या, "पाणी नाही सोडत. ओल्या ओळीच्या बाजूनं चर खणते. ओल इकडं येऊ नये. बाकीची झाडं ताणावरच राहतील."

"अन् पाऊस आला तं?"

"तर चर भरेल. मग पुण्याला जाऊन यांच्या कुंड्यांना पाणी घालीन."

धनराजभाऊ तणतणत निघून गेले. शैलाताईंनी टिकाव उचलला, सुनंदाने पदर खोचला. मग मीही फावडं घेतलं, आणखी काय करणार? काळी जमीन वरून दगडासारखी आणि खाली मेणासारखी. माझ्या तळहातांना अशा जागी फोड आले की जिथे हात आहे हेच मला माहीत नव्हतं. सुनंदा माझ्यापेक्षा भराभर खणत होती आणि मधूनमधून माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही, पण अजून खात्री पटलेली नाही अशा नजरेने. मी आणखी जोरात खणलं. त्याचा चराला काही उपयोग झाला नाही.

दुपारी कोणीतरी माझ्या हातातून फावडं ओढून घेतलं. धनराजभाऊ होते, स्वतःचा टिकाव खांद्यावर.

"वैनी आयकत नाईत तं नाई आयकत. पण चर तरी सरळ खणा ना, बाप्पा! हे काय खणून राहिले, सापावानी?"

ढग दिवसभर डोक्यावर होते. तिन्हीसांजेला चार थेंब पडले. मी मोजू शकलो असतो एवढेच, माझ्या टकलावर. आम्ही सगळे खोपीच्या दारात उभे. मग वारा फिरला आणि सातपुड्याच्या बाजूने आभाळ मोकळं झालं. शैलाताईंनी कोटाच्या खिशातून हात बाहेर काढले, तेव्हा मला दिसलं की त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या.

त्या संध्याकाळी रोडगे झाले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खातात. धनराजभाऊंनी मला बाजेवर बसवून वाढलं. वऱ्हाडात जावयाने बाग बुडवली तरी तो जावईच असतो. "घ्या अजून एक. चर खणला तुमी. वाकडा खणला, पण खणला."

परत

निघायच्या सकाळी माझी बॅग दाराशी आणि सुनंदाची बॅग खुंटीला, रिकामी.

"मी नाही येत," ती म्हणाली. "बहार फुटेपर्यंत ताईबरोबर राहते."

"पण तुझं तिकीट! कन्फर्म आहे ते!"

हे मी बोललो. कबूल करतो. बायको घर सोडून राहते म्हणते आणि माझ्या तोंडून पहिलं हेच आलं. शैलाताई तोंडाला रुमाल लावून आत गेल्या.

"आणि मी काय खायचं?" हे दुसरं.

"कुकर आहे. डाळ-तांदूळ आहे. आणि अकोल्याच्या काकूंकडून थोडा ठेचा आणवून घ्या." मग ती जरा मवाळली. "अहो, मलाही कधीतरी वाटतं, काय होईल माहीत नाही असं काहीतरी करावं. तुमच्याकडे सगळं आधीच माहीत असतं."

एका बाईला आणायला गेलो होतो, दुसरी ठेवून आलो. तीन कन्फर्म तिकिटांवर मी एकटा पुण्याला आलो. दोन्ही रिकाम्या बर्थांवर पुढच्याच स्टेशनावर लोक येऊन झोपले आणि सकाळी त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही एकटेच का?

पुढचे आठवडे मी ऑफिस आणि कुकर यांत काढले. रोज फोन. "पाणी सोडलं का?" "नाही." "सोडलं का?" "नाही." मग एक दिवस सुनंदा म्हणाली, "काल सोडलं. ताई रात्रभर झोपली नाही." त्यानंतर काही दिवस दोघींपैकी कोणीच धड बोलेना. मी विचारायचो, त्या हवापाणी सांगायच्या. मला वाटलं, गेला बहार. आता ताई येणार. मी त्यांच्यासाठी आतली खोली झाडून ठेवली आणि झाडताना लक्षात आलं, की मला त्या यायला नको होत्या.

काल सकाळी व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं आभाळ, मग धनराजभाऊंचं नाक, मग फोन वळला.

बाग पांढरी झाली होती. पान दिसू नये एवढी फुलं. मधमाश्यांचा आवाज फोनमधूनही ऐकू येत होता. शैलाताई त्या कोटात मध्ये उभ्या. बोलत होते ते धनराजभाऊ. "पाहा जवाईबापू, पाहा! फांदी वाकून राहिली. मी आठ वर्षं वाह्यलो, असा फुटला नाई. पुढल्या साली माह्या बगीच्याचा ताण वैनीच ठरवतीन, इचारून ठेवलं मी." मग म्हणाले, "अन् आता तुमची लाईन पाहा."

कडेची ओळ. चराच्या पलीकडली. त्या सगळ्या पांढऱ्यात ती एकटी हिरवीगार. तेलकट, गुबगुबीत, तजेलदार पानं. एक झाडही आजारी नाही. एक फूलही नाही.

"तब्येत चांगली आहे," मी म्हणालो.

"हो ना," सुनंदा म्हणाली. "ताई म्हणते, तोडायची नाहीत. पुढच्या वर्षी यांनाही तहानेली ठेवू."

"आणि ताई, आता गारा आल्या तर? फुलं झडली तर?" राहवेना म्हणून विचारलंच.

"येतीन तवा पाहू," शैलाताई म्हणाल्या. "तुमी चहा पेले का?"

फुलांचा वास फोनवरून येत नाही. सुनंदा म्हणते, दोन मैलांवरून कळतो आणि फार दिवस टिकत नाही. आज ऑफिसात रजेचं विचारलं, साहेब म्हणाले शाखांचं नक्की होईपर्यंत रजा घेतली तर बरं दिसणार नाही. मी म्हणालो, बरोबर आहे, आणि रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. तो घेऊनच चहा केला आणि तो पीत हे लिहितो आहे.

गाड्या सगळ्या भरलेल्या आहेत. बॅग दाराशी आहे. कुंड्यांना आज पाणी घातलेलं नाही. तिकीट वेटिंगचं आहे.